शस्त्रक्रियेपूर्वीचे तीन महिने

(विश्वस्त, देणगीदार व रुग्णांचे आप्त यांच्या वार्षिक मेळाव्यात रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्षभरात किती रुग्ण तपासले, किती शस्त्रक्रिया झाल्या, जमाखर्चाची तोंडमिळवणी कशी झाली, हे सर्व तपशील अहवालाच्या पुढील पानांत छापलेले आहेतच. ते पुन्हा वाचून दाखवून आपला वेळ घेण्याची माझी इच्छा नाही. अध्यक्ष महोदयांच्या अनुमतीने आज मी एका अशा खर्चाविषयी बोलणार आहे, जो आपल्या ताळेबंदात वेगळा दिसत नाही, आणि दिसत नसल्यामुळे ज्याला देणगीही मिळत नाही. हा खर्च म्हणजे गर्भाशयातून होणाऱ्या असामान्य रक्तस्रावासाठी शस्त्रक्रिया ठरल्यानंतर, प्रत्यक्ष शस्त्रक्रियेपूर्वी दिल्या जाणाऱ्या औषधांचा खर्च.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. वैद्यकशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. तरीही हा विषय माझ्या टेबलावर वारंवार येतो, आणि तो तक्रारीच्या रूपाने येतो. आम्ही ऑपरेशनसाठी बाईला घेऊन आलो होतो, डॉक्टरांनी गोळ्या आणि इंजेक्शने लिहून दिली आणि महिन्या-दोन महिन्यांनी या असे सांगितले, मग इथपर्यंत यायचे कशाला, असे नातेवाईक विचारतात. त्यांचा राग मला समजतो. एस. टी.चे भाडे गेलेले असते, रजा बुडालेली असते, घरी मुलांना शेजारणीकडे ठेवलेले असते. या प्रश्नाचे सविस्तर उत्तर खिडकीशी उभ्याउभ्या देता येत नाही, म्हणून ते आज देण्याचा प्रयत्न करतो. यातील वैद्यकीय मजकूर आमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या नजरेखालून गेलेला आहे.

आपल्याकडे बायका ‘अंगावर जाते’ एवढेच सांगतात, आणि तेही फार उशिरा. पाळीत रक्त जायचेच, त्यात सांगण्यासारखे काय, अशी समजूत असते. या एका शब्दामागे अनेक कारणे दडलेली असतात. गर्भाशयातील फायब्रॉइडच्या गाठी, अस्तरावरील कोंब, अस्तर स्नायूंत शिरणे, अस्तराची अनियंत्रित वाढ, कर्करोग, रक्त गोठण्यातील दोष, संप्रेरकांचा असमतोल, अशी ही यादी आहे. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या ‘फिगो’ या जागतिक संघटनेने २०११ मध्ये या कारणांचे एक वर्गीकरण प्रसिद्ध केले आणि जगभरच्या डॉक्टरांना एक समान भाषा मिळाली. आपल्या दृष्टीने त्यातला अर्थ असा की, कारण ठरल्याशिवाय औषध नाही. म्हणूनच सोनोग्राफी होते, आणि विशेषतः पंचेचाळिशीच्या पुढच्या स्त्रीच्या अस्तराचा तुकडा तपासणीला जातो. औषधाने रक्तस्राव थांबला आणि आत कर्करोग वाढत राहिला, असे होता कामा नये. ‘आधी तुकडा तपासू’ असे डॉक्टर म्हणतात तेव्हा नातेवाइकांनी ते वेळकाढूपणाचे मानू नये, ही माझी पहिली विनंती.

आता मूळ प्रश्न. शस्त्रक्रिया करायचीच आहे, तर थांबायचे कशासाठी?

याचे पहिले आणि सर्वांत साधे उत्तर म्हणजे रक्ताची शिल्लक. गर्भवती नसलेल्या स्त्रीच्या रक्तात दर डेसिलिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी हिमोग्लोबिन असल्यास जागतिक आरोग्य संघटना त्यास रक्तक्षय म्हणते, आणि ८ च्या खाली गेल्यास तीव्र रक्तक्षय. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्याआधीच्या पाहणीत हे प्रमाण ४८ टक्के होते. म्हणजे निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या खात्यात मुळातच तूट आहे. त्यात ज्या बाईच्या अंगावर वर्ष-दोन वर्षे जात आहे, तिचा विचार करा. सात हिमोग्लोबिन घेऊन ती स्वतःच्या पायाने चालत येते, कारण शरीर हळूहळू त्या गरिबीला सरावलेले असते. परंतु शस्त्रक्रियेच्या टेबलावर अचानक रक्त गेले तर सोसण्यासाठी हाताशी काहीच उरत नाही. अशा वेळी भूलतज्ज्ञ नकार देतात, आणि तो नकार योग्यच असतो.

मग रक्त चढवा की, असे कोणीतरी म्हणते. (आमच्या कार्यालयात ‘पिशवी’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. पिशवी काढायची आहे असे नातेवाईक म्हणतात तेव्हा ते गर्भाशयाविषयी बोलत असतात, आणि पिशवी मिळत नाही असे आम्ही म्हणतो तेव्हा ती रक्ताची असते. यातून एकदोनदा बराच गोंधळ झालेला आहे.) रक्त चढवणे हा प्रसंगी प्राण वाचवणारा उपाय आहे, पण ते दुसऱ्या माणसाने दिलेले दान आहे, आणि मे महिन्यात किंवा दिवाळीच्या सुट्टीत महाविद्यालये बंद असली की ते दान आटते. २०२२ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार खासगी रक्तकेंद्राला तांबड्या पेशींच्या एका पिशवीमागे जास्तीत जास्त १,५५० रुपये प्रक्रियाशुल्क घेता येते. त्यावर काही विशेष चाचण्या केल्यास त्यांचा आकार वेगळा. रक्त मिळाले तरी रुग्णाला प्रतिक्रिया येण्याचा लहानसा धोका असतोच. जे काम लोहाने होऊ शकते त्यासाठी रक्त वापरणे हे हिशेबाच्या दृष्टीनेही गैर आहे.

लोह भरण्यापूर्वी मात्र गळती थांबवावी लागते. तळाला भोक असलेल्या हंड्यात कितीही पाणी ओतले तरी उपयोग नाही, हे विहिरीवर पाणी भरलेल्या कोणत्याही बाईला ठाऊक असते. येथे डॉक्टरांच्या हाती दोन स्वस्त साधने आहेत. पहिले ट्रॅनेक्झॅमिक आम्ल. जपानमधील उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके ओकामोतो यांच्या संशोधनातून ते पुढे आले आणि १९६२ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध झाली. प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाने होणारे स्त्रियांचे मृत्यू टाळावेत ही त्या बाईंची मूळ तळमळ होती. या गोळ्या फक्त पाळीच्या दिवसांत घ्यायच्या असतात आणि गोठलेले रक्त लवकर विरघळू न देणे एवढेच त्यांचे काम. ज्या स्त्रीला पूर्वी रक्ताच्या गुठळीचा आजार झाला असेल तिला त्या देत नाहीत, म्हणून जुने कागद दाखवणे आवश्यक. दुसरे साधन प्रोजेस्टेरॉन वर्गातील गोळ्यांचे. त्यांनी अस्तर आवरले जाते व पाळी काही काळ थोपवता येते.

गळती आवरली की लोह. गोळ्यांनी हिमोग्लोबिन वाढण्यास आठवडे लागतात, आणि पोटात मळमळते म्हणून निम्म्या गोळ्या पाकिटातच राहतात. वेळ कमी असेल किंवा गोळ्या सोसत नसतील, तर शिरेतून लोह देतात. जुन्या प्रकारच्या लोहाला अनेक फेऱ्या माराव्या लागत. फेरिक कार्बोक्सिमाल्टोजसारख्या नव्या औषधाचे १,००० मिलिग्रॅमपर्यंत एका बैठकीत देता येतात. ते महाग आहे, पण खेड्यातून येणाऱ्या बाईच्या चार खेपांचे भाडे आणि चार दिवसांची मजुरी मांडली तर फरक बराच कमी होतो.

येथे एक सावधगिरीची गोष्ट सांगणे मला कर्तव्य वाटते. मोठ्या पोटाच्या शस्त्रक्रियेपूर्वी रक्तक्षय असलेल्या रुग्णांना शिरेतून लोह द्यावे काय, याची एक मोठी चाचणी ब्रिटनमध्ये झाली व तिचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. ४८७ स्त्री-पुरुषांच्या त्या चाचणीत हिमोग्लोबिन वाढले, परंतु रक्त चढवण्याचे किंवा मृत्यूचे प्रमाण कमी झाल्याचे दिसले नाही. ते रुग्ण वेगवेगळ्या आजारांचे होते, आणि पाळीच्या रक्तस्रावाने लोह संपलेल्या स्त्रीची गोष्ट वेगळी आहे असे आमचे डॉक्टर मानतात. मलाही ते पटते. तरीही लोहाची बाटली लावली म्हणजे सर्व संकटे टळली, असे देणगीदारांना सांगून निधी मागणे मला प्रशस्त वाटत नाही.

आता खर्चाच्या खऱ्या वादाकडे येतो. काही स्त्रियांना शस्त्रक्रियेपूर्वी महिन्यातून एकदा याप्रमाणे दोन-तीन महिने ल्युप्रोलाइड किंवा गोसेरेलिन यांचे इंजेक्शन लिहून दिले जाते. एका इंजेक्शनची किंमत हजारांत जाते. या औषधामागचे शास्त्र मोठे रंजक आहे. मेंदूतून निघणारे एक सूक्ष्म संप्रेरक पाळीच्या चक्राचा पहिला हुकूम देते. अँड्र्यू शॅली आणि रॉजर गिलेमिन या दोन प्रतिस्पर्धी शास्त्रज्ञांनी डुकरांच्या व मेंढ्यांच्या मेंदूंतील असंख्य तुकड्यांमधून अशी संप्रेरके शोधून काढली आणि १९७७ मध्ये दोघांनाही नोबेल पारितोषिक मिळाले. हे संप्रेरक नैसर्गिकरीत्या थांबूनथांबून स्रवते. तशाच औषधाचा मारा सतत चालू ठेवला तर पीयूषिका ग्रंथी प्रतिसाद देईनाशी होते. दार सारखेच ठोठावत राहिले की आतला माणूस उठायचे सोडून देतो, तसाच हा प्रकार. अंडाशयाचे काम थांबते, पाळी थांबते आणि फायब्रॉइडच्या गाठी आकसू लागतात. मात्र सुरुवातीच्या ठोठावण्याने आतला माणूस आधी दचकून जागा होतो. पहिल्या एक-दोन आठवड्यांत रक्तस्राव वाढू शकतो. ही गोष्ट आधी सांगितलेली नसली की घरचे लोक घाबरून मध्यरात्री अपघात विभागात येतात.

फायब्रॉइडमुळे रक्तक्षय झालेल्या स्त्रियांना शस्त्रक्रियेपूर्वी लोहासोबत हे औषध देण्यास अमेरिकेत १९९५ मध्ये मान्यता मिळाली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत इंजेक्शन व लोह दोन्ही मिळालेल्या स्त्रियांपैकी बारा आठवड्यांनी ७४ टक्के स्त्रियांचे रक्त समाधानकारक पातळीला पोचले. नुसते लोह घेणाऱ्यांत हे प्रमाण ४६ टक्के होते. माझ्यासारख्या हिशेबनिसाचे लक्ष दुसऱ्या आकड्याकडे जाते. जवळजवळ निम्म्या स्त्रियांचे काम महागड्या इंजेक्शनाशिवाय भागले! औषधाच्या अमेरिकन माहितीपत्रकातही डॉक्टरांना सुचवलेले आहे की, आधी एक महिना केवळ लोह देऊन पाहण्याचा विचार करावा.

कॉक्रेन या संस्थेने २०१७ मध्ये ३८ चाचण्या आणि ३,६२३ स्त्रियांची माहिती एकत्र करून पाहिली. या इंजेक्शनांनी गर्भाशय व गाठी लहान होतात, हिमोग्लोबिन सरासरीने एका ग्रॅमच्या थोडे आत वाढते आणि गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेत रक्त चढवण्याची वेळ कमी येते, असे त्यात दिसले. गाठ बेंबीपर्यंत आलेली असेल तर पोटावर उभा छेद घ्यावा लागतो; ती खाली आली तर आडव्या छेदाने, कधी योनिमार्गानेही काम होते. उभा छेद आणि आडवा छेद यांतला फरक वॉर्डातील कोणत्याही परिचारिकेला विचारा. बाई किती दिवसांत उठून बसते, यावरून ती तो सांगेल. याउलट केवळ गाठी काढून गर्भाशय राखायचे असेल, तेव्हा औषधाने गाठी मऊ पडून त्यांची कडा सापडणे अवघड होते अशी काही शल्यचिकित्सकांची तक्रार आहे. औषधाचा त्रासही आहे. अंगाची लाही होणे, झोप न लागणे, चिडचिड, आणि सहा महिन्यांपलीकडे नेल्यास हाडांची झीज. शिवाय औषध थांबले की गाठी पुन्हा वाढतात.

यातून एक अडचण उद्भवते, जिचा अनुभव आम्हाला येतो. इंजेक्शनाने पाळी थांबते, चेहऱ्यावर तुकतुकी येते, बाई कामाला लागते आणि शस्त्रक्रियेच्या तारखेला येत नाही. बरे वाटले म्हणजे रोग गेला, असे तिला वाटते. चार महिन्यांनी रक्तस्राव पूर्ववत सुरू होतो आणि तेव्हा निधीतून दिलेले औषध वाया गेलेले असते. म्हणून औषध देतानाच तारीख ठरवणे आणि त्या तारखेपूर्वी दूरध्वनी करणे, हाही उपचाराचाच भाग मानला पाहिजे.

गर्भाशयाचे केवळ अस्तर जाळण्याच्या किंवा खरवडून काढण्याच्या शस्त्रक्रियेपूर्वीही अस्तर पातळ करण्यासाठी पूर्वी डॅनाझॉल व पुढे हीच इंजेक्शने दिली जात. शस्त्रक्रिया थोडी लवकर आटोपते, वर्षभरानंतर पाळी पूर्ण थांबलेल्या स्त्रियांची संख्या अधिक असते, पण काळ जातो तसा हा फायदा ओसरतो. डॅनाझॉलने वजन वाढते, चेहऱ्यावर लव येते, आवाजही जाड होऊ शकतो. पाळी संपताच अस्तर आपोआप पातळ असते. शस्त्रक्रियेची तारीख त्या दिवसांत बसवणे विनामूल्य आहे, फक्त आमच्या वेळापत्रकाला थोडी लवचीकता हवी.

नवे औषध म्हणजे चांगले औषध, असेही नाही. युलिप्रिस्टल या गोळ्यांना युरोपात २०१२ मध्ये शस्त्रक्रियापूर्व वापरासाठी परवानगी मिळाली होती आणि त्यांचे बरेच स्वागतही झाले. पुढे यकृताला गंभीर इजा झाल्याची उदाहरणे समोर आली, काहींना यकृतरोपण करावे लागले, आणि २०२१ पासून तेथे शस्त्रक्रियेची वाट पाहणाऱ्या स्त्रियांना ते औषध देणे बंद झाले. गर्भाशयाच्या गाठीने सहसा जीव जात नाही, मग तिच्या औषधाने तो धोक्यात का घालावा?

आता सर्वांत नाजूक भाग. तयारीसाठी म्हणून दिलेल्या औषधाने कधी कधी शस्त्रक्रियेची गरजच उरत नाही. फिनलंडमध्ये २३६ स्त्रियांवर एक चाचणी झाली. निम्म्या स्त्रियांना संप्रेरकयुक्त तांबी बसवली (तिच्यात तांबे नसते, पण आपल्याकडे सर्वच ‘तांबी’), निम्म्यांचे गर्भाशय काढण्याचे ठरले. पाच वर्षांनी तांबीच्या गटातील ४२ टक्के स्त्रियांनी अखेर शस्त्रक्रिया करून घेतली होती. उरलेल्यांना ती लागली नव्हती. दोन्ही गटांचे समाधान सारखे होते आणि तांबीच्या गटाचा खर्च बराच कमी. शस्त्रक्रियागृहाचे उत्पन्न बुडते म्हणून एखादे व्यापारी रुग्णालय याकडे पाठ फिरवील. धर्मादाय रुग्णालयाला तशी मुभा नाही.

या विषयाला महाराष्ट्रात एक दुःखद पार्श्वभूमी आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांचे गर्भाशय मोठ्या संख्येने काढले जात असल्याचे उघड झाल्यावर २०१९ मध्ये श्रीमती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. पाहणी केलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले, आणि त्यांतील कितीतरी जणी चाळिशीच्या आतल्या होत्या. उचल घेतलेली, हंगामात एक दिवसही खाडा परवडत नाही, पाळीची आणि अंगावर जाण्याची कटकट नको, आणि समोर डॉक्टर सांगतो की काढून टाका. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्याविषयीच्या मार्गदर्शक सूचना सर्व राज्यांनी अमलात आणाव्यात असे निर्देश दिले.

परंतु सूचना अमलात आणताना त्या बाईचे कॅलेंडर आपण विसरू नये. दिवाळीच्या सुमारास ती टोळीबरोबर जाणार आणि उन्हाळ्यात परतणार. सप्टेंबरमध्ये आलेल्या बाईला आपण ‘तीन महिने औषध घेऊन या’ म्हटले, तर याचा अर्थ ती येणार नाही, आणि वाटेत कोणाकडे तरी आठ दिवसांत ‘पिशवी’ काढून मोकळी होईल. तिला फडावर पुरतील इतक्या गोळ्या हातात देणे, शिरेतून लोह निघण्यापूर्वीच भरणे आणि परतल्यानंतरची तारीख आजच राखून ठेवणे, हे करावे लागेल. हा सगळा खर्च आहे, आणि तो खाटेवर झोपलेल्या रुग्णाचा नाही.

नेमका येथेच आपल्या हिशेबपद्धतीचा अडसर येतो. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक खालील योजनेप्रमाणे आपण १० टक्के खाटा निर्धनांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखतो, आणि देयकांच्या रकमेच्या २ टक्के निर्धन रुग्ण निधीत जमा करतो. हे सर्व खाटांच्या भाषेत लिहिलेले आहे. देणगीदारही यंत्र देतात, खाट देतात, एका शस्त्रक्रियेचा खर्च देतात. त्याचा फलक लावता येतो. तीन महिन्यांच्या लोहाचा फलक कसा लावणार? परिणामी औषध रुग्णाच्या खिशातून जाते, खिसा रिकामा असला की ते घेतले जात नाही, आणि तीच बाई अर्धवट तयारीने दाखल होऊन दोन पिशव्या रक्त आणि चार दिवस जास्तीच्या मुक्कामाचा खर्च करते. तो खर्च मात्र आपण विनातक्रार ‘आंतररुग्ण सवलत’ या सदरात लिहितो.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे मी एक प्रस्ताव ठेवला आहे, त्यावर पुढील बैठकीत निर्णय होईल. ‘शस्त्रक्रियापूर्व औषधोपचार’ असे स्वतंत्र खाते उघडावे. लोह, ट्रॅनेक्झॅमिक आम्ल आणि प्रोजेस्टेरॉन वर्गातील गोळ्या ज्या गरजू स्त्रीला लिहून दिल्या असतील, तिला त्या वैद्यकीय समाजसेविकेच्या सहीवर त्याच दिवशी मिळाव्यात. माझ्या सहीसाठी थांबू नये. संप्रेरकयुक्त तांबी याच खात्यातून द्यावी, पुढे शस्त्रक्रिया होवो अथवा न होवो. महागड्या इंजेक्शनासाठी मात्र तज्ज्ञांनी अर्जावर एक ओळ लिहावी की, या रुग्णाच्या बाबतीत याने काय बदलेल. छेद आडवा होईल, रक्त चढवणे टळेल, भूल देणे शक्य होईल, जे असेल ते. ही अट डॉक्टरांवर अविश्वास म्हणून घातलेली नाही, आणि त्यांनी ती तशी घेतलेलीही नाही. काही विश्वस्तांना वाटते की बाह्यरुग्णांची औषधे देऊ लागलो तर त्याला अंत राहणार नाही. ही शंका रास्त आहे. म्हणून पहिल्या वर्षी हे खाते केवळ स्त्रीरोग विभागापुरते ठेवावे, आणि किती जणी तारखेला परतल्या व किती जणींना रक्त लागले याचा तक्ता पुढच्या अहवालात छापावा, असे मी सुचवले आहे.

उपस्थित नातेवाइकांना एवढेच सांगतो की, बाईला गोळ्या देऊन परत पाठवले असेल तर तिची फाइल क्रमांक असलेली चिठ्ठी जपून ठेवा, गोळ्या चहाबरोबर देऊ नका, कारण चहाने लोह अंगी लागत नाही, आणि इंजेक्शनानंतर पहिल्या पंधरवड्यात रक्तस्राव वाढला तर घाबरून न जाता विभागात दूरध्वनी करा. फार वाढला, चक्कर आली, तर मात्र थेट निघून या. देणगीपत्रावर या खात्याचे नाव प्रस्ताव मंजूर होईपर्यंत छापता येणार नाही. ज्यांना त्यासाठीच रक्कम द्यायची असेल त्यांनी लेखा विभागात तशी नोंद करावी. वैद्यकीय प्रश्नांची उत्तरे देण्यासाठी स्त्रीरोग विभागाच्या प्रमुख डॉक्टर येथे उपस्थित आहेत. मी त्यांना व्यासपीठावर येण्याची विनंती करतो.